वाळवणाला गच्चीवर लावायला नाचरं संगीत सुचवा, आत्याच्या अटी सांभाळून

सोऱ्याबहाद्दर, इंदूर
शुक्रवार, रात्री ११.४०

राम राम मंडळी. गहू भिजायला घातलेत. आज दुसरं पाणी बदललं, उद्या वाटून चीक गाळायचा, म्हणजे परवा रविवारी पहाटे तो शिजणार आणि मी सोऱ्यावर. मे महिन्यातले सगळे रविवार आमच्या सुदामानगरच्या गच्चीवर असेच जातात: कुरडया, मग साबुदाण्याच्या पापड्या, मग बटाट्याचा कीस, शेवटी उडदाचे पापड. डब्यांनी माळा भरला तरी आई थांबत नाही. बाजारात सगळं मिळतं हे वाक्य आमच्या घरात उच्चारायचं नसतं.

मला यात गाणी हवी आहेत. ठेक्याची, इंडी, हाउस, डिस्को, जे काय हात चालता ठेवेल ते. करसल्लागाराच्या ऑफिसात दिवसभर हेडफोनवर मी हेच ऐकतो. एलसीडी साउंडसिस्टमचा २००७ चा 'साउंड ऑफ सिल्व्हर', फीनिक्सचा २००९ चा तो मोझार्टच्या नावाचा अल्बम, हॉट चिप, टेम इम्पालाचा 'करंट्स'. कूलरसमोर बसून हे ऐकलं की उन्हाळा सुसह्य होतो. पण ती माझी एकट्याची ऐकणी. गच्चीवर पाच माणसं असतात आणि तिथे माझी निवड साफ आपटते.

मागच्या वर्षीचं सांगतो. फुकटातलं ॲप लावलं होतं. चीक ऐन रंगात, आई घाटतेय, आणि गाण्याच्या मध्येच एक बाई ओरडली, "क्रेडिट कार्ड हवंय?" आई दचकली, पळी सुटली. ते निभावलं. मग भाचीनं (भोपाळची, वय पंधरा, सुट्टीला येते) तिची यादी लावली. तुम्हाला माहीतच असेल, हल्लीच्या नाचगाण्यात ठेका चढत चढत जातो, मग दोन मात्रा सगळं गप्प, आणि मग धडाम. त्या दोन मात्रांत माझा हात आपसूक थांबला. काकू थांबल्या. भाचीनं तर प्लॅस्टिकची टोकं सोडून दोन्ही हात वर केले. सोऱ्यातून तार येत होती ती तिथेच साचली. दिवाळीत तळताना एक कुरडई फुललीच नाही, मध्ये अंगठ्याएवढी गाठ. तो धडाम आम्ही सहा महिन्यांनी खाल्ला.

ज्यांनी सोऱ्या धरलेला नाही त्यांच्यासाठी: चीक गरम असेपर्यंतच तार सुटते. गार झाला की पितळी सोऱ्याला तुम्ही लटकलात तरी तो हलत नाही. एक घाणा पाचेक मिनिटांत संपवावा लागतो. तळहाताला फडकं गुंडाळलं तरी भाजतंच. म्हणून ठेका एकसारखा पाहिजे, मध्येच अंग काढून घेणारा नको. पापडाचंही तसंच. समोरच्या काकूंचं लाटणं मी घड्याळ लावून मोजलं, पुढे एक, मागे एक असं धरून मिनिटाला एकशे पंधरा ते वीस. हाउस संगीत साधारण त्याच चालीचं असतं, सेकंदाला दोन ठोके. त्यामुळे मला वाटतं, हा संगीतप्रकार पापडासाठीच जन्मलाय, तो काढणाऱ्या शिकागोवाल्यांना कल्पना नसावी.

आता अटी. आईला शब्द कळतात. हिंदी, मराठी, माळवी, आणि आक्षेप घेण्यापुरती इंग्रजीसुद्धा. तेव्हा अचकट-विचकट काही नको. जाहिराती नकोत, ते मी पैसे भरून सोडवलंय. आणि खरी अट आत्याची. आत्या चौऱ्याहत्तरची, रामबागेत चाळीस वर्षं गाणं शिकवलं. उस्ताद अमीर खाँच्या शहरातली, त्यामुळे तिच्या लेखी लय म्हणजे अतिविलंबित झुमरा ताल. एका आवर्तनात माणूस चहा पिऊन, कप विसळून परत समेवर येऊन बसेल. दुपारी रियाजाला बसताना ती कूलर बंद करायला लावते, कारण त्याची घरघर तिच्या षड्जाशी भांडते. वाळवणाला ती सावलीत खुर्ची टाकून बसते आणि सगळ्यांच्या चुका काढते. तिचं म्हणणं एवढंच: "बेसूर लावलंत तर मी खाली जाईन." ती खाली गेली तर मिठाचा अंदाज कोणाला विचारायचा? त्यामुळे तिला राखणं भाग आहे.

वेळ पहाटे साडेपाच ते साडेनऊ. त्यानंतर ऊन वर येऊ देत नाही. शिवाय रात्रीसाठी वेगळं काहीतरी सुचवा. दिवसा बेचाळीस झाले तरी माळव्याची रात्र गच्चीवर बरी असते, वारा सुटतो, चटई टाकून पडायचं.

काही आहे का असं?

---

सराफा_रात्री_दोनला, मूळ इंदूर, मुक्काम बेंगळुरू
शनिवार, सकाळी ७.१०

अरे भिया, तुझ्या आत्यासाठी लंडनहून माल आलेला आहे आणि तुला पत्ताच नाही.

फोर टेट नावाचा एक माणूस, खरं नाव कीरन हेब्डन. आईकडून मूळ भारतीय. आजोबांच्या पश्चात त्यांच्याकडच्या हिंदी तबकड्या याच्याकडे आल्या. त्यातून त्यानं २०१५ साली 'मॉर्निंग/इव्हनिंग' हा अल्बम केला. दोनच तुकडे, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. सकाळच्या तुकड्यात ठेका सुरू होतो, आणि मग त्यावर लताबाईंचा आवाज उगवतो. 'सौतन' (१९८३) मधलं बहिणीचं गाणं आहे ते. त्यानं त्याचं रिमिक्स केलं नाही, म्हणजे ढोल-ताशे घालून वाट लावली नाही. आवाज तसाच ठेवला, फक्त त्याच्याभोवती फिरत राहिला, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा.

आणि योग बघ. अल्बम आला २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी. आवाज २८ सप्टेंबर १९२९ ला आपल्या इंदुरात जन्मलेल्या बाईंचा. मी इथे ट्रॅफिकमध्ये बसून हे ऐकतो आणि त्यांच्या जन्माच्या शिखमोहल्ल्याच्या कोपऱ्यावर उभा असल्यासारखं वाटतं. तू तर तिथेच आहेस. वीस मिनिटं म्हणजे तुझे चार घाणे सलग. यात धडाम नाही.

रात्रीसाठी ख्रुआंगबिन ऐक. टेक्ससचे तिघं, पण नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान. जुन्या थाई फंकचं वेड लागलेली मंडळी. २०१५ चा पहिला अल्बम त्यांनी बर्टन नावाच्या गावातल्या एका कोठारात रेकॉर्ड केला. गाणी बहुतेक बिनशब्दांची, गिटार कोरडी ठणठणीत, ढोलकवाला कुठेही घाई करत नाही. चटईवर पडून ऐकायचं तर यापुढे काही नाही.

---

लष्करवाली, ग्वाल्हेर
शनिवार, सकाळी ९.३०

इंदूरवाल्यांनी लताबाई घेतल्या, घ्या. पण 'सौतन'चं संगीत उषा खन्नांचं आहे, आणि उषा खन्ना ग्वाल्हेरच्या. तेव्हा त्या लंडनच्या तबकडीत निम्मा हिस्सा आमचा. मागे हटणार नाही.

बाकी एक व्यवहाराचं. साडेपाचला गच्चीवर स्पीकर लावणार म्हणतोस. नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सहापर्यंत हळू लाव. आमच्याकडे शेजारच्या आजोबांनी तक्रार केली होती, भजनांची. तुझं तर हाउस.

---

कोथरूडचा_कोपरा, पुणे
शनिवार, सकाळी १०.०५

'तांबडी चामडी' कोणीच कसं सुचवलं नाही? क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर, २०२४. मराठी शब्दांवर हाउस, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. शीर्षकातच उन्हाळा आहे, आणखी काय पाहिजे.

बिनशब्दाचं हवं तर टॉड टेर्जे, नॉर्वेचा. 'इन्स्पेक्टर नॉर्स', २०१२. पूर्ण गाणं एकाच जुन्या सिंथेसायझरवर केलेलं. हसऱ्या चेहऱ्याचं गाणं असतं ना, ते. पापडाला हेच.

शब्द चालतील पण कमी हवेत असं असेल तर डाफ्ट पंकचं 'अराउंड द वर्ल्ड', १९९७. पूर्ण गाण्यात तेवढेच तीन शब्द, १४४ वेळा. आईंना आक्षेप घ्यायला जागाच नाही.

आणि फोन उन्हात ठेवू नकोस, तापून बंद पडतो. सावलीसाठी स्टीलच्या डब्यातही घालू नकोस, ब्लूटूथ अडतं. वेताच्या टोपलीखाली ठेव. अनुभवाचे बोल.

---

सोऱ्याबहाद्दर, इंदूर
शनिवार, दुपारी १.१५

कोपरा, १४४ आईला सांगितलं. ती म्हणाली, "जपाच्या माळेत १०८ असतात. हा कुठल्या पंथाचा?" पण मंजूर.

'तांबडी चामडी' भाचीला पाठ आहे, मला माहीतच नव्हतं. आईनं पहिल्यांदा ऐकून विचारलं, कोणाची चामडी? उन्हातून आलेल्या माणसाची, असं सांगितलं. "मग टोपी घालावी ना," असं म्हणून ती चीक गाळायला गेली. याला मी होकार समजतो.

मी स्वतः कॅरिबूचं 'सन' घालतोय, २०१० च्या 'स्विम'मधलं. त्यातही एकच शब्द, सूर्य. तो गाणारा डॅन स्नेथ गणितात पीएचडी आहे हे आईला कळल्यावर तिनं उरलेलं ऐकायची गरजच नाही म्हणून सांगितलं. शिकलेला मुलगा आहे, वाईट कशाला करेल.

लष्करवाली, निम्मा हिस्सा मान्य. कुरडया पाठवतो.

आत्याला फोर टेट अजून ऐकवलेलं नाही. धीर होत नाही.

---

बडोदेकर_दांडिया_बाजार, वडोदरा
शनिवार, दुपारी ३.५०

तुमच्या आत्याबाईंसाठी औषध माझ्याकडे आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग नावाचे एक कलाकार होते. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रं घेतली, तिन्ही रोलंड कंपनीची: ठेक्यासाठी टीआर-८०८, खालच्या सुरासाठी टीबी-३०३, वरच्या चालीसाठी ज्युपिटर-८. आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अल्बमचं नाव सरळ तेच: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. एचएमव्हीनं पुढल्या वर्षी काढला. कोणी विचारलं नाही. लोक लग्नात डिस्कोवर नाचत होते, पण तोडीवर नाचायची तयारी नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. ते ३०३ यंत्र बनवलं होतं गिटारवाल्यांना साथीला बास मिळावा म्हणून. त्या कामात ते नापास झालं, लवकरच उत्पादन बंद. मग शिकागोच्या पोरांना ती स्वस्तात मिळाली. त्यांनी खुंट्या उलटसुलट फिरवल्या, ती चिरकणारी, वळवळणारी तार काढली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. ॲसिड हाउस तिथून सुरू झालं असं मानतात. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली तेव्हा युरोपातल्या लोकांनी कान टवकारले. हेच यंत्र, हाच वळवळता आवाज, आणि पाच वर्षं आधी, मुंबईत! काहींना ती बनवाबनवी वाटली. सिंगांनी नंतर उतारवयात परदेशांत जाऊन ते कार्यक्रमात वाजवलं. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांनी ॲसिड हाउसचा शोध लावला असं मी म्हणणार नाही. शिकागोवाल्यांनी त्यांना ऐकलेलंच नव्हतं. पण दोन्हीकडे एकच गोष्ट का निघाली याचं उत्तर यंत्रात आहे. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोच्या पोरांनी ती घसरण गंमत म्हणून वापरली. आपल्या माणसाच्या कानात मींड आधीच बसलेली होती.

ते ऐकवा त्यांना. हेडफोनवर, आधी तोडी. मी इथे आमच्या संगीत महाविद्यालयातल्या, तुमच्या आत्यांच्याच पिढीच्या एका बाईंना ऐकवलं होतं. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, पुन्हा लावा.

---

इंडी_म्हणजे_इंडियन_नव्हे, ठाणे
शनिवार, संध्याकाळी ५.२०

एचएमव्हीनं काढलेली तबकडी इंडी कशी? इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, स्वतंत्र. धाग्याचा विषय सांभाळा.

खरं इंडी हवं तर दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, 'बिस्मिल्ला', २०१९. त्यांचाच गायक सूर्यकांत साहनी 'लिफाफा' या नावानं एकटाही गातो, 'जागो', तेही २०१९. यंत्रांवरचा ठेका, हिंदी शब्द, अर्धवट झोपेतला आवाज. उन्हाळ्याच्या रात्रीसाठी. दिवसा लावलंत तर सगळे आडवे होतील.

---

सराफा_रात्री_दोनला
शनिवार, संध्याकाळी ५.४५

ठाणेकर, कुरडई स्वतंत्रपणे, मोठ्या कंपनीशिवाय, गच्चीवर बनतेय. म्हणजे इंडी झालं. चला पुढे.

बडोदेकरांना जोड देतो. तेच वर्ष, १९८२: रूपा बिस्वास, कोलकात्याच्या, भाऊबंदांना भेटायला कॅनडाला गेल्या होत्या, तिथे कॅलगरीत 'डिस्को जॅझ' रेकॉर्ड झाला. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँचे नातू, आपल्या मध्यप्रदेशचे. 'आज शनिबार' ऐका, आज वारही जुळतोय. हीसुद्धा तबकडी इकडे आपटली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघाली. सरोद आणि इलेक्ट्रिक गिटार एकमेकांना टपल्या मारत जातात.

---

सोऱ्याबहाद्दर, इंदूर
शनिवार, रात्री १०.३०

धीर केला. रात्रीच्या पोळ्या झाल्यावर आत्याच्या कानाला हेडफोन लावला. घाईत तोडी शोधायची राहिली आणि अल्बम पहिल्यापासून सुरू झाला. पहिला तुकडा भैरवी.

तिनं लगेच हेडफोन काढला. "सुरुवातच भैरवीनं? मैफल संपवूनच बसलाय की हा."

मी म्हटलं, आत्या, पुढचं ऐक. ललत. मग भूप. तोडीला तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण डावा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मात्रा मोजत होती. चारच मात्रा सापडल्या असणार, बिचारी आणखी शोधत राहिली. खालच्या सुरावर बोट दाखवून विचारलं, "हे घसरतंय ते काय वाद्य?" मी यंत्राचं सांगितलं. "मींड घेतंय. उनाड आहे, पण घेतंय."

मग मला वही-पेन आणायला लावलं. दहाही रागांची नावं विचारली आणि वेळेप्रमाणे यादी फिरवली. पहाटे ललत, मग बैरागी, मग भैरवी (सकाळी चालेल, पण आधी नाही), ऊन चढलं की तोडी. मधुवंती दुपार कलली की, गोळा करताना. यमन दिवेलागणीला, भूप त्याच्या मागून. कलावती जेवणं झाल्यावर, मालकंस मध्यरात्री, "म्हणजे तू एकट्यानंच ऐक." रात्री आठला मी तिला तोडी ऐकवली याबद्दल वेगळी बोलणी बसली.

नऊ झाले. दहावा राहिला होता. मेघमल्हार.

आत्या म्हणाली, "तो नाही."

मी हसलो. ती हसली नाही. "गच्चीवर दहा किलोचा चीक पसरणार उद्या. वाळेपर्यंत तो या घरात वाजायचा नाही." आईसुद्धा आतून म्हणाली, ऐक तिचं. भाची फोनवर हवामान बघून म्हणाली, पावसाचा अंदाज शून्य टक्के आहे. आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं फोन उलटा ठेवला.

फोर टेट मात्र अडकलं. लताबाईंचा आवाज ओळखून आई आली, उभी राहून ऐकलं. आत्याला एकच खटकलं: "बाई अंतऱ्याला कधी येणार?" येणार नाहीत म्हटल्यावर ती जरा नाराज झाली.

झोपतो. पाचला उठायचंय.

---

लष्करवाली, ग्वाल्हेर
शनिवार, रात्री १०.५०

आत्यांना ग्वाल्हेरहून नमस्कार सांग. तो राग खरंच लावू नकोस. माझ्या साबुदाण्याच्या पापड्यांवर दोन वर्षांपूर्वी वळीव पडला होता आणि खाली रेडिओवर काय लागलं होतं ते मी सांगत नाही.

---

सोऱ्याबहाद्दर, इंदूर
मंगळवार, रात्री ११.२०

वृत्तांत द्यायला उशीर झाला, तळहात सोलवटलेत.

साडेपाचला ललत, अगदी हळू. टाकीवर कबुतरं, खालून दूधवाला, आणि त्यात ते यंत्र वळवळत होतं. बडोदेकर, एक जुळणी तुम्हाला सांगायलाच हवी: प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा, माझा घाणाही तेवढाच. दुसऱ्या घाण्यापासून काकू "चीक भरा" म्हणेनात, "बैरागी भरा" म्हणायला लागल्या. ठेका जरा धावतो, त्यामुळे पहिल्या कुरडया बारीक आणि घाईच्या झाल्या, मग हातानं आपोआप दोन ठोक्यांना एक फेरा धरला. तीन वेटोळी, वर एक आडवं, पुढची. गाठ एकही नाही.

'मॉर्निंग साइड'ला चार घाणे निघाले. मध्ये काकूंनी पळी थांबवून एवढंच विचारलं, हे 'सौतन'मधलं बहिणीचं गाणं ना? हो. मग त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत, वीसच्या वीस मिनिटं.

'इन्स्पेक्टर नॉर्स' सगळ्यांना आवडलं आणि कोणाला नाव घेता आलं नाही. आई त्याला सर्कसचं गाणं म्हणते. डाफ्ट पंकला भाची मोजायला बसली. ऐंशीनंतर चुकली. 'आज शनिबार' रविवारी लावलं म्हणून तिनंच माझी चूक काढली. आत्या सरोदवर खूश, "मैहरचं पाणी आहे," गिटार आल्यावर तोंड फिरवलं.

फसलं ते माझं लाडकं. टेम इम्पालाचं 'लेट इट हॅपन' मी हट्टानं घातलं. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, मध्यावर ते मुद्दाम अडकतं, तबकडीला चरा पडावा तसं एकच तुकडा पुन्हा पुन्हा. मला ती जागा फार प्रिय. काकूंना वाटलं फोन बिघडला. मी "काकू, राहू दे" म्हणेपर्यंत त्यांनी टोपली उचलून चिकाच्या हातानं फोनवर चार टिचक्या मारल्या. तो चीक स्पीकरच्या जाळीत वाळलाय. टाचणीनं काढतोय. फोनवर सगळे आता जत्रेतून बोलल्यासारखे ऐकू येतात.

रात्री ख्रुआंगबिन लावलं. वारा होता. दुपारचं तापलेलं सिमेंट चटईतून पाठीला लागत होतं, ते सोडलं तर तक्रार नाही. ठाणेकर, 'लिफाफा'ला खरंच सगळे झोपले, आपला सल्ला अचूक.

आज संध्याकाळी कुरडया कडकडीत वाळल्या. मोजून चार डबे. झाकणं लावून, वर चिकटपट्ट्या मारून माळ्यावर गेले. जेवणं झाल्यावर मी यादी आवरत होतो तर आत्या गच्चीवर आली. गुडघे दुखतात, रात्रीची ती सहसा चढत नाही. खुर्चीत बसली, आकाशात काही नव्हतं, चांदण्या तेवढ्या.

"डबे बंद झाले?"

झाले.

"मग लाव तुझा मेघ."

लावला. हेडफोन नको म्हणाली. पाच मिनिटं मान खाली घालून ऐकला. रिषभ हवा तसा डोलत नाही, यंत्र सरळ येऊन सुरावर बसतं, असं म्हणाली. मग तिनं स्वतः तो रिषभ लावून दाखवला, हळू, आवाज फाटका, पण डोलला. खाली यमाहा बिघडलेला कोणीतरी रस्त्यात किक मारत होता, तोही थांबला, बहुधा पेट्रोल संपलं असावं.

जाताना म्हणाली, "रविवारी पापड्या आहेत. त्याआधी पुसून टाक फोनवरून."

पुसलाय. आता साबुदाण्याच्या पापड्यांसाठी बोला. पळीनं घालायच्या असतात, हात गोल फिरतो, मोजलं तर मिनिटाला नव्वदच्या वर जात नाही. हाउस धावेल. काही संथ आहे का, मल्हार सोडून?